समुद्रावर जायचं ठरलं तेव्हा

मी चंद्रपुरात एका लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांची थुंकी, लघवी, शौच यांच्या डब्या हाताळायच्या, काचेवर थेंब पसरायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. आपल्याला आता कशाचीच किळस येत नाही, असं मी समजत होते. यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या घरी जर्मनीतल्या समुद्रावर सुट्टीला जायचं ठरायला लागलं, तेव्हा कळलं की येते. चांगली पोटातून येते.

माझी धाकटी बहीण नर्स आहे. आधी गडचिरोलीला नोकरीत होती. मग नागपुरात राहून जर्मन शिकली आणि तिकडे उत्तरेला, समुद्राकाठच्या एका छोट्या गावात वृद्धाश्रमात लागली. ते गाव सुट्टीचंच. उन्हाळा आला की देशभरातून लोक तिथे येतात, वाळूत पडून राहतात आणि थंडी पडायच्या आत निघून जातात. बहिणीच्या आश्रमातल्या म्हाताऱ्यांच्या खिडकीतून पाणी दिसतं.

ती जायला निघाली तेव्हा आम्ही घरी बुद्धवंदना ठेवली होती. खीर झाली, चार घरचे लोक आले. सगळ्यांच्या मधे खुर्चीवर बसून मोठेबाबा बोलले. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द त्यांचाच. सरकारी खात्यातून साहेब म्हणून निवृत्त झालेले.

"गोऱ्या म्हाताऱ्यायचं गू-मूत काढाले चालली," ते म्हणाले. "इतकी शिकून घाण काम. आपल्या घराण्यात असं कोणी केलं नाई."

दोघं-तिघं हसले. बहीण खिरीच्या वाट्या वाटत होती, ती वाटतच राहिली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मोठेबाबांसमोर ती कधी बसत नसे आणि त्यांना उलट बोलायची तर रीतच नव्हती. 

दोन वर्षं बरी गेली. मग बहिणीनं आईला आणि मला बोलावलं. ऑगस्टमध्ये या, म्हणाली, तेव्हाच काय ती तिथे ऊब असते. आईनं समुद्र एकदाच पाहिला होता, सहा डिसेंबरला चैत्यभूमीला गेली होती तेव्हा. पण त्या गर्दीत समुद्र पाहिला म्हणजे लोकांच्या डोक्यांपलीकडची एक काळी पट्टी पाहिली. बहीण रोज काहीतरी पाठवायची. वाळूवर वेताच्या मोठ्या टोपल्यांसारख्या खुर्च्या असतात, वरून छप्पर, दोघी मावतील एवढ्या. वारा आला की पाठ त्या बाजूला करून बसायचं. पाण्यात जायला रबरी बूट लागतात, कारण गोटे टोचतात. आई ते फोटो बोटांनी मोठे करून बघायची. बाहेर शेहेचाळीस अंश, गच्चीवरच्या कपड्यांवर कोळशाची काळी भुकटी, आणि आई विचारायची, "तिथी स्वेटर लागन का वो?"

मोठेबाबांना हे कळलं आणि पुढच्या रविवारी ते आमच्या घरी आले. बरोबर मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, आणि गडचांदूरला नोकरी करणारा त्यांचा मुलगा.

"आमी बी येऊन राह्यलो," ते म्हणाले. "पोरगी तिथी हाये, मंग हॉटेल काऊन करा?"

बहिणीकडे एक खोली आणि एक स्वयंपाकाचा कोपरा आहे. मी तसं सांगितलं. "खाली झोपू ना," मोठेबाबा म्हणाले. विषय संपला.

मग दर रविवारी आमच्या घरी त्या सुट्टीची बैठक बसू लागली. जेवण आमच्याकडे. मोठेबाबा दिवसभर खर्रा खातात, म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटलेला. गालात तोबरा ठेवूनच ते बोलायचे, आणि बोलता बोलता उठून आमच्या बेसिनमध्ये थुंकायचे. पाणी सोडायचे नाहीत. ते गेले की मी ब्रश घेऊन बेसिन घासायचे. लाल रेघा, सुपारीचे चावलेले तुकडे जाळीत अडकलेले. मी रोज दुसऱ्यांच्या थुंकीवर पोट भरते, पण ती माणसं आजारी असतात आणि डबीचं झाकण लावून देतात.

ते स्वतः काय काय नेणार तेही ठरवत होते. खर्रा किती पुरेल, विमानतळावर पकडतात का, समुद्रावर थुंकलं तर दंड आहे का. हसत हसत म्हणाले, "समुद्र एवढा मोठा, त्याले काय फरक पडते?" मी ते चित्र डोळ्यांसमोर आणलं आणि हातातला घास खाली ठेवला.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी त्यांच्या मुलानं मोबाईलवर त्या गावाच्या किनाऱ्याचा नकाशा काढून आणला. तिथे किनाऱ्याचे भाग पाडलेले असतात. एक सगळ्यांचा. एक कुत्रे घेऊन येणाऱ्यांचा. आणि अगदी टोकाला एक भाग, जिथे लोक कपडे न घालता पोहतात. तिकडे ती जुनी चाल आहे, आजी-आजोबांपासूनची.

मुलानं फोन मोठेबाबांच्या हातात दिला. मग दोघांचं हसणं सुरू झालं. दबकं, नाकातून येणारं. मोठी आई समोर बसली होती, मी बसले होते. आम्ही असल्याचा त्यांना अडसर नव्हता, उलट आम्ही ऐकतोय याचीच मजा असावी. "आपली दुर्बीण घ्याची बॅगमंदी," मोठेबाबा म्हणाले. ताडोब्यात वाघ बघायला म्हणून घेतलेली ती दुर्बीण. "वाघ तर दिसला नाई तिच्यातून, आता काहीतरी दिसन." मुलगा इतका हसला की त्याला ठसका लागला. मोठी आई पदराच्या टोकाकडे बघत बसली.

त्या दिवसापासून नियोजनात दुसरं काही उरलंच नाही. धक्का, दीपगृह, होडीतली फेरी, आईची वेताची खुर्ची, सगळं बाजूला पडलं. मुलानं कुटुंबाच्या ग्रुपवर तो नकाशा, दुर्बिणीचा विनोद आणि हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं टाकली. वरोऱ्याचे एक काका, वयानं सत्तरीचे, त्यांनी लिहिलं की आमचंही तिकीट काढा. ज्या माणसांच्या पायांवर मी लहानपणी डोकं ठेवलं होतं, त्यांचं ते लिहिणं मी वाचलं. मी ग्रुपमधून बाहेर पडले. आईला कारण सांगितलं नाही. तोंडातून तो विषय काढायचीच शिसारी येत होती.

पण आईला कळायचं होतंच. शेवटच्या रविवारी बहिणीचा व्हिडिओ कॉल होता. व्हिसासाठी निमंत्रणाचे कागद तिला पाठवायचे होते, म्हणून सगळ्यांशी एकदम बोलायचं ठरलं. मोठेबाबांच्या मुलानं लॅपटॉप टीव्हीला जोडला. बहीण आश्रमातच होती, जेवणाच्या सुट्टीत, अंगावर कामाचा निळा सदरा. कूलरच्या आवाजात तिचा आवाज नीट येईना, म्हणून मी कूलर बंद केला. खोलीत लगेच घामाचा आणि तंबाखूचा वास भरला.

थोडं इकडचं तिकडचं झालं. मग मोठेबाबा म्हणाले, "तो दुसरा किनारा तुह्या घरापासून किती दूर हाये?"

"कोणता दुसरा?"

"अवो तो… टोकाचा." मागे त्यांचा मुलगा खाली मान घालून हसू दाबत होता.

आधी बहिणीच्या लक्षात आलं नाही. मग आलं. तिचा चेहरा मी टीव्हीवर मोठा बघत होते. ती चिडली नाही, हे मला आजही आठवतं. तिनं सरळ सांगितलं, आपल्याला कुणी साधा प्रश्न विचारला आहे अशा सुरात.

"मी जाते तिथी," ती म्हणाली. "आमच्या इथली एक आजी हाये, नव्वदीच्या जवळची. लहानपणापासून तशीच पोहते. आता एकटीनं चालता येत नाई, म्हणून मी तिले धरून पाण्यापर्यंत नेते. ती डुंबते, मी टॉवेल घेऊन उभी राहते. तिथी कोणी कोणाकडे पाहत नाई, मोठेबाबा."

एवढं ऐकून कुणालाही गप्प बसावंसं वाटलं असतं. मोठेबाबांनी गालातला तोबरा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला केला.

"म्हणजे तुले तर सवय झाली," ते म्हणाले. "दिवसभर नागडेच पाहून राह्यली. आमाले बी दाखवजो."

बहिणीचा हात पडद्याकडे आला आणि चित्र गेलं. तिनं कॉल तोडला होता.

मग आई स्वयंपाकघराच्या दारातून आत आली आणि मोठेबाबांच्या समोरच्या खुर्चीवर बसली. मी तिला त्यांच्यासमोर बसलेलं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

"भाऊ," ती म्हणाली, "आपल्या घरच्या मान्सायनं मेलेली ढोरं ओढली. गाव घाण म्हणे, दूर बसवे. ते काम सोडलं, धम्म घेतला, तवा कुठी तो शब्द आपल्या दारातून गेला. माह्या पोरीच्या कामाले तोच शब्द तुमी लावला. मी गप राह्यली. आज त्याच्याहून वंगाळ बोलले तुमी."

"मजाक केली वो बाई," मोठेबाबा म्हणाले.

"तुमी आमच्यासंगं येत नाई. जेवण झालं असन तर निघा."

"म्हणजे मले घरातून काढून राह्यली तू?"

"हो," आई म्हणाली.

ते उठले. जाता जाता म्हणाले की पोरगी हाताबाहेर गेली आणि आईला जर्मनीची हवा इथंच लागली. मुलगा मागून निघाला. मोठी आई दारात चपला शोधत क्षणभर थांबली, आईकडे बघितलं, आणि त्यांच्या मागं गेली.

सांगायला वाईट वाटतं, पण घाण तेवढ्यावर थांबली नाही. आठवड्याभरात नातेवाइकांत पसरलं की पोरगी तिकडे नंग्या लोकांत राहते. ब्रह्मपुरीची एक मावशी आईला फोन करून म्हणाली, "लग्नाचं पाहा वो आता, नाव खराब होऊन राह्यलं." दुर्बीण कुणाची, हसलं कोण, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. ग्रुपवर सगळ्यांनीच वाचलं होतं.

आणि बहीण. ती आम्हाला काही बोलली नाही, पण त्या आजीला पाण्यावर न्यायचं तिनं बंद केलं. आजी विचारायची, ही सांगायची, आज काम आहे, आज वारा आहे. एकदा मला म्हणाली, "ताई, तिचे कपडे काढाले हात लावला की मले मोठेबाबाचा आवाज ऐकू येते." इतक्या दूर, त्या स्वच्छ वाळूपर्यंत, ती लाल थुंकी पोचली होती.

मी आईला सांगितलं. आईनं फोन लावला आणि लांबण लावली नाही. "त्या म्हातारीचे किती उन्हाळे उरले?" तिनं विचारलं. "उद्या ने तिले." बहीण दुसऱ्या दिवशी घेऊन गेली.

जुलैत वरोऱ्याला एका लग्नात सगळे भेटले. मोठेबाबा मांडवात मोठ्यानं बोलत होते, आपण आता थायलंडला जाऊन राह्यलो म्हणून, आणि भोवतीचे तेच लोक तसेच हसत होते. मी ताट घेऊन बाहेर झाडाखाली गेले. मोठी आई मागून आली.

"त्या खुर्च्या," ती हळूच म्हणाली, "टोपल्यावाल्या. त्यायच्यात तिघी बसते का?"

मला लगेच हो म्हणता आलं नाही. इतके रविवार ती समोर बसून होती, पदराचं टोक बघत. तिच्या त्या गप्प बसण्याचीही मला किळस आली होती आणि ती अजून गेली नव्हती. तरी म्हटलं, आईला विचारते. आई लगेच म्हणाली, येऊ दे तिला.

पण तिचा पासपोर्ट मोठेबाबांच्या कपाटात होता, आणि त्यांनी तो दिला नाही. तिनं तो निदान मागितला, याचंच मला नवल वाटलं.

आम्हा दोघींची तिकिटं झाली आहेत. परवा आईनं गोल बाजारातून रबरी बूट आणले आणि घरातल्या घरात घालून बघितले. मग फोनवर बहिणीला विचारलं, "पाण्यात लुगड्यानं गेली तर चालन का? कोणी हसन?"

"कोणी पाहत बी नाई, आई."

"मंग बरं हाये," आई म्हणाली आणि बूट काढून पुसायला बसली.