बगळ्यासाठी घड्याळ

पाणबुड्याला बगळा म्हणायचं, ही पंपघरातल्या लोकांची जुनी गंमत. पाय लांब, मान लांब, त्यात उतरण्याआधी काठावर एका पायावर उभं राहून पाणी न्याहाळायची सवय. नाव ठेवणारा पंपवाला निवृत्त होऊन गेला, नाव मागे राहिलं. बायकोसुद्धा फार चिडली की तेच वापरायची.

शहराला पाणी देणाऱ्या तलावात त्याचं काम होतं. तळाशी पाइपांच्या तोंडावर लोखंडी जाळ्या आहेत. त्यांत फांद्या, गोण्या, चपला, कधी मेलेलं कुत्रं अडकतं. बगळा खाली जाऊन ते हातांनी सोडवायचा. तिथे उजेड पोचत नाही. गाळ उठला की सिलिंडरवरचा हवेचा काटाही दिसत नाही. म्हणून सगळी भिस्त मनगटावर. घड्याळाचे काटे अंधारात चमकतात. उतरताना तबकडीभोवतीची कडी फिरवून तिची खूण मिनिटकाट्यावर आणायची. काटा खुणेच्या पुढे ठरल्याइतका सरकला की वर यायचं. हवा तेवढीच असते.

काठावर त्याच्या कमरेला बांधलेला दोर धरून बसायचा त्याचा साडू. दोघांनी सख्ख्या बहिणी केलेल्या. "सासऱ्यांनी दोघांनाही पाण्यात ढकललं," साडू म्हणायचा, "मी तेवढा काठाला लागलो." हा विनोद बगळ्याने शंभरदा तरी ऐकला असेल. दर वेळी तो हसायचा.

अलीकडे बगळा वेळेवर वर येईना. साडू दोर हलवून हलवून थकायचा, तेव्हा कुठे त्याचं डोकं पाण्याबाहेर दिसायचं. विचारलं की तो मनगट पुढे करायचा. "मेलं मध्येच थांबतं." घरी, पंपघरात, सगळ्यांनी ते खरं मानलं. घड्याळ होतंही जुनं.

मग एक दिवस दोर रिकामा वर आला. साडू काठावर नुसता ओरडत राहिला. बऱ्याच वेळाने बगळा दूर कुठेतरी वर आला, ओठ निळे, सिलिंडर संपलेला. मुकादमाने सगळ्यांसमोर साडूची सालटी काढली. गाठ बांधता येत नाही आणि माणसाचा जीव हातात घेतो, म्हणाला. साडूने मान खाली घालून ऐकलं. बगळ्याकडे वळून मुकादम म्हणाला, "आणि तू, घड्याळ बदल. नाहीतर मी माणूस बदलतो."

बगळ्याने मान डोलावली. त्याला खरं ठाऊक होतं. घड्याळ कधीच थांबलं नव्हतं. जाळीतली फांदी ओढता ओढता त्याला वाटायचं, अरे, कडी लावायची राहिलीच. मग तो ती लावायचा. जरा वेळाने पुन्हा तसंच वाटायचं. पुन्हा लावायचा. आणि घड्याळ इमानेइतबारे सांगायचं, तू आत्ताच उतरलास.

गाठीचंही तेच. कमरेला काहीतरी आवळतंय एवढंच त्याला त्या दिवशी कळलं होतं. ते काय, कशासाठी, ते आठवेना. त्याने ते सोडून टाकलं.

घरी हे खपून जायचं. चहा पिऊन पुन्हा चहा मागितला तर बायको म्हणायची, "चोचले पुरेत." धाकट्या मुलीला थोरलीच्या नावाने हाक मारली तर दोघी हसायच्या. पाण्यात हसायला कोणी नव्हतं. डॉक्टरकडे तो गेला नाही. डॉक्टर काय म्हणेल ते त्याला आधीच ऐकू येत होतं. पाण्याबाहेर त्याला दुसरं काही येत नव्हतं, साधी सायकलसुद्धा तो वेडीवाकडी चालवायचा. बाजारात असं एखादं घड्याळ असेल, असलंच पाहिजे, जे आपल्याला सांभाळून घेईल, एवढ्यावरच तो आता दिवस काढत होता.

घड्याळाच्या दुकानात साडू सोबत आला. आपल्या गाठीमुळे माणूस जाता जाता राहिला, म्हणून तो हल्ली बगळ्याला एकटं सोडत नव्हता.

दुकानदाराने काचेवर मखमलीचा तुकडा अंथरला आणि एक काळं, जाडजूड घड्याळ ठेवलं. "टॅक्टिकल. सैनिक वापरतात. काचेवर ओरखडा उठणार नाही, चावी आट्याची आहे, पिळून घट्ट बसते, पाण्याचा थेंब आत जायचा नाही. ट्रकखाली गेलं तरी चालू राहील."

"ट्रकखाली गेल्यावर वेळ बघायची कोणी?" साडू म्हणाला.

दुकानदार हसला. बगळ्याने घड्याळ उचलून कडी फिरवली. ती कटकट आवाज करत फिरली. त्याचा चेहरा उतरला. "एकदा लावली की पुन्हा फिरणार नाही, अशी कडी असते का?"

"असते ना. कुलपाची." दुकानदाराने दुसरं काढलं. "हे बटण दाबल्याशिवाय हलत नाही."

"पण दाबलं की हलते."

"मग दाबू नका की."

बगळ्याने ते खाली ठेवलं. तिसरं पाहिलं, चौथं पाहिलं. पट्टे, काटे, काचा. पाण्यात भिजवून बघू का, म्हणाला. आपटून बघू का, म्हणाला. दुकानदाराचा आवाज हळूहळू कोरडा व्हायला लागला. "अहो, तुम्हाला नेमकं हवंय तरी काय?"

"भरवशाचं हवं," बगळा म्हणाला.

शेवटी दुकानदाराने आकड्यांचं एक काढलं. "हे घ्या. वेळ लावून ठेवायची. झाली की मनगटावर थरथरतं. डोळे मिटलेले असले तरी कळेल. हे खालचं बटण दाबलं की थांबतं." त्याने थोड्याच वेळाचा गजर लावला आणि पट्टा बगळ्याच्या मनगटावर आवळला. "बघाच तुम्ही आता."

बगळ्याच्या जिवात जीव आला. हेच ते. तो साडूशी बोलायला लागला, पट्टा रबरी बरा की कापडी, मुकादमाला दाखवू तेव्हा त्याचं तोंड कसं होईल. साडूही हसून बोलत होता. बोलता बोलता मनगटावरचं घड्याळ काचेच्या कडेला लागून थरथरत गुणगुणलं. बगळ्याने अंगठ्याने बटण दाबलं आणि पुढे बोलत राहिला. रबरी पट्टा गाळात घसरतो, असं काहीतरी.

साडू मध्येच थांबला. "थरथरलं का हो?"

"अजून कुठे?" बगळा म्हणाला. "होईल आता."

दुकानदाराला वाटलं, चेष्टा चालली आहे. तो मोठ्याने हसला. साडू हसला नाही. तो बगळ्याच्या अंगठ्याकडे बघत होता. बगळ्याने त्या दोघांकडे पाहिलं, मग मनगटाकडे. आकडे शून्यावर होते.

"गंमत केली," तो म्हणाला.

साडूने त्याच्या हातातलं घड्याळ काढून दुकानदाराला परत दिलं आणि दंडाला धरून त्याला बाहेर आणलं.

फुटपाथवर माणसं येत-जात होती. साडूने आवाज चढवला नाही. "साडूभाऊ, त्या दिवशी गाठ कोणी सोडली?"

बगळा मनगट चोळत राहिला.

"मी रोज खुर्चीच्या पायाला गाठी मारत बसतो. ही हसते मला. आणि तुम्ही बघत होतात."

"चुकलो मी. पण ऐक. तू मला सारखा ओढत जा. थोड्या थोड्या वेळाने. मी येईन वर."

"आणि सोडलीत पुन्हा तर?"

"नाही सोडणार. शपथ."

"मागच्या खेपेला ठरवून सोडली होतीत का?"

बगळ्याने त्याच्या शर्टाची बाही धरली. एवढा उंच माणूस, वाकून त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन बोलत होता. "थोरलीचं शिक्षण होईपर्यंत. तेवढंच. घरी नको सांगूस. मी काय करू रे दुसरं? मला काही येत नाही."

"मला तरी काय येतं? दोर धरता येतो." साडूचे डोळे भरून आले. त्याने ते बाहीनेच पुसले, त्यामुळे बगळ्याला हात सोडावा लागला. "तो आता मी धरणार नाही. दुसरा कोणी धरायला आला तर त्याला आधी सगळं सांगेन. मारा मला हवं तर."

बगळ्याने मारलं नाही. तो दुकानाच्या पायरीवर बसला. लांब पाय कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. येणारी-जाणारी माणसं ते ओलांडून जात होती.

फोन वाजला. बायकोचा होता. "अहो, मिळालं का मनासारखं?"

त्याने साडूकडे पाहिलं. साडू दुसरीकडे बघत उभा होता.

"मला काही राहत नाही गं लक्षात," बगळा म्हणाला. "खाली गेल्यावर. वरसुद्धा."

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाल्याचं ऐकू आलं.

"आहात तिथेच बसा," ती म्हणाली. "मी येते न्यायला."

आजवर त्याला न्यायला कधी कोणी आलं नव्हतं. त्याने फोन खिशात ठेवला, मग काढून पुन्हा हातात धरला. साडू शेजारी येऊन बसला, पण मध्ये जागा सोडून. ती कोणत्या बाजूने येईल ते माहीत नव्हतं, म्हणून बगळा एकदा या टोकाकडे बघायचा, एकदा त्या.