तळघरातल्या चोवीस बाटल्या

परभणी जिल्ह्यातल्या सेलूच्या मोंढ्यामागं, म्हणजे कापसाच्या बाजारामागं, भगवानरावांचा बार आहे. त्या बारमध्ये मुंजाजीनं एकतीस वर्षं टेबलं पुसली, आणि त्या टेबलांवर बसणाऱ्या एकालाही त्यानं कधी माणसात धरलं नाही. बाहेरून बघाल तर गडी नम्र. मान खाली, खांद्यावर फडकं, तोंडात ‘जी साहेब’. आत मात्र एकेकाची सालटी काढणं चालू असायचं.

त्याला कारणही तसंच होतं. सेलूत बीअर पितात म्हणजे काय करतात? बसल्या बसल्या पहिला सवाल, “चिल्ड हाय का?” बाटली हाताला चटका देण्याइतकी गार नसली की परत. गार निघाली की तिच्यात चिमूटभर मीठ टाकायचं, फेस उसळला की खिदळायचं आणि नरड्यात ओतायची. बधिर जिभेवरून बीअर गेली काय नि नालीचं पाणी गेलं काय, कुणाला पत्ता लागणार होता? कापसाचा पुंजका दोन बोटांत ओढून धाग्याची लांबी सांगणारे आडते इथं यायचे, पण बीअरबद्दल त्यांना एकच गोष्ट ठाऊक, ती म्हणजे चढते किती. मास्तर, नगरसेवक, कंत्राटदार, सगळे एकाच माळेचे मणी. मुंजाजी त्यांच्यापुढं शेंगदाण्याची बशी ठेवायचा आणि मनात म्हणायचा, चरा.

स्वतःच्या जिभेचा मात्र त्याला गर्व होता, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. त्याचा बाप गुळव्या. गुऱ्हाळावर काहिलीतला रस कधी खाली उतरवायचा हे बापाच्या जिभेवर ठरायचं, आणि तीच जीभ पोराकडं आली. बारमध्ये एखाद्या बाटलीत भेसळ असली तर मुंजाजी थेंबावर ओळखायचा. भगवानराव ही गोष्ट पाहुण्यांना कौतुकानं सांगत, आणि लगेच त्याला टेबल पुसायला पाठवत.

२०१९च्या हिवाळ्यात कुठल्याशा कंपनीनं एक काळी स्ट्राँग बीअर बाजारात आणली. बाटलीच्या बुडाला गाळ बसलेला असायचा. कंपनीचा माणूस म्हणाला, हा गाळ म्हणजे जिवंत खमीर आहे, बीअर बाटलीतच मुरत राहते. गिऱ्हाइकांनी बाटली उजेडात धरली आणि निकाल दिला, “डुप्लिकेट माल हाय.” एकानं विचारलं, “मुंजाजी, हा खोकल्याचा काढा कुणाला पाजायलाव?” खरं सांगायचं तर तेव्हा मुंजाजीलाही ती आवडली नव्हती. जळक्या फुटाण्याचा वास, कडुनिंबासारखा कडूपणा, आणि गिळताना दारूचा जाळ थेट टाळूला भिडायचा. त्यानंही तोंड वाकडं केलं होतं. ही गोष्ट तो पुढं सोयीस्करपणे विसरला.

मग लॉकडाऊन आलं. बारला कुलूप पडलं, बाटल्यांवरच्या तारखा उलटून गेल्या, आणि कुलूप निघाल्यावर दारूच्या खात्यातल्या साहेबांच्या देखरेखीखाली सगळा जुना माल नालीत ओतला गेला. त्यातून काळ्या बीअरचे दोन खोके तेवढे सुटले. बारची इमारत पूर्वी कापसाच्या व्यापाऱ्याची होती आणि तिच्या खाली सरकी साठवायचं तळघर होतं. त्या तळघरात जिन्याखालच्या कोनाड्यात, रिकाम्या क्रेटच्या मागं हे खोके अंधारात उभे राहिले. मे महिन्यात वर पंखा गरम वारा मारायचा, तेव्हाही खाली उतरलेल्या माणसाचा घाम वाळायचा.

दीड-दोन वर्षांनी, दिवाळीच्या साफसफाईत, ते मुंजाजीच्या हाती लागले. ओतून टाकायच्या आधी किती नासली आहे ते बघावं म्हणून त्यानं एक बाटली फोडली, अर्धा ग्लास ओतला, आणि तिथंच पायरीवर बसला.

कडूपणा खाली बसला होता. जळका वास जाऊन तिथं काकवी आली होती, काहिलीच्या कडेला चिकटलेली, दाट, थोडी करपलेली काकवी. दारूचा जाळ टाळूला लागतच नव्हता. घोट गेल्यावर छातीत नुसती ऊब राहत होती. मुंजाजीनं ग्लास हुंगला, परत एक घोट घेतला, आणि चाळीस वर्षांनी त्याला काकवी चाटवणारा बापाचा हात आठवला. त्याचे डोळे भरून आले. आजूबाजूला कुणी नव्हतं म्हणून बरं.

उरलेल्या तेवीस बाटल्या त्यानं लपवल्या. वर्षाला तीन, फार तर चार. दुपारी बार रिकामा असताना तो खाली जायचा, गाळ हलू न देता हळूच ओतायचा, आणि एकटाच प्यायचा. तिसऱ्या वर्षी खजूर आला, आणि त्याच्या मागून जुन्या चिंचेची आंबट कड. चौथ्या वर्षी भिजवलेले मनुके आणि नव्या वहाणेच्या कातड्याचा वास. पाचव्या वर्षी गोडी पातळ झाली आणि तिच्याखालून लाकूड वर आलं. घरोघरी जुना गूळ औषधाला जपणारी, जुन्या चिंचेशिवाय आमटी न करणारी ही माणसं बाटलीवरची तारीख वाचून असला माल नालीत ओततात, या विचारानं त्याला हसू यायचं. अख्खं गाव गाढव आणि आपण एकटे शहाणे, हे त्याचं फार जुनं मत होतं. आता त्याला पुरावा मिळाला होता.

पण पुरावा कुणाला तरी दाखवावा लागतो. आपण एकट्यानंच चाखलं तर चाखलं की नाही हे कोण सांगणार? एका तरी जाणत्या माणसानं हा घोट घ्यावा आणि म्हणावं की मुंजाजी, तुमची जीभ खरी. एवढं एकच त्याला हवं होतं, आणि दिवसेंदिवस ते फार हवंसं वाटू लागलं होतं. घोडं अडत होतं ते एवढ्यावर, की त्या लायकीचा माणूस त्याला दिसत नव्हता.

एक होता. किशनराव गुरुजींचा सिद्धोधन. संभाजीनगरकडच्या बीअरच्या कारखान्यात चव तपासायच्या खात्यात नोकरीला. पगार घेऊन बीअर चाखणारा माणूस सेलूत दुसरा नव्हता. दरवर्षी मे महिन्यात तो आई-वडिलांकडं यायचा. दोन वर्षांपूर्वी बारमध्ये येऊन बसला आणि म्हणाला, “काका, लय गार नको. साधीच द्या.” आधी ग्लास हुंगला, मग प्यायला. फडकं हातात तसंच धरून मुंजाजी बघत राहिला. हाच तो, असं त्याला वाटलं. आणि लगेच दुसरं वाटलं की शिकलेल्याचं नाक आहे, पुस्तकातून उगवलेलं, त्याची परीक्षा घेतल्याशिवाय बाटली कशी काढायची? एक वर्ष जाऊ द्यावं.

वर्ष गेलं. सिद्धोधन पुन्हा आला. मुंजाजी खाली गेला, बाटली काढली, सदऱ्यानं पुसली आणि जिना चढून वर आला. दारातून बघतो तर सिद्धोधन हिरव्या मिरचीच्या ठेच्याला शेंगदाणे लावून खात होता, नाकाडोळ्यांतून पाणी काढत. मुंजाजीच्या मस्तकात तिडीक गेली. असल्या जिभेपुढं ही ठेवायची? तो आल्या पावली माघारी गेला आणि ती बाटली त्यानं खाली बसून एकट्यानं संपवली. ती फार चांगली निघाली.

या वर्षी मार्चमध्ये भगवानरावांनी त्याला बोलावून घेतलं.

“मुंजाजी, तळघर मोकळं कर. खाली एसी हॉल करायचाय.”

“मालक, खालची थंडाई मोडंल.”

“आरं, एसी म्हन्लो न्हवं का मी? थंडच करायलोत की.”

उरलेल्या नऊ बाटल्या मुंजाजीनं पोत्यात गुंडाळून घरी आणल्या. घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. आणि इथं या एवढ्या शहाण्या माणसानं जे केलं ते केलं.

बीअर पिकते, हे त्याला ठाऊक होतं. पिकायचं म्हटल्यावर परभणीच्या माणसाला एकच रीत सुचते. मुंजाजीनं मागच्या खोलीत गव्हाचं काड पसरलं, त्यावर नऊ बाटल्या आडव्या मांडल्या, वर पुन्हा काड, त्यावर गोणपाट, खोलीचं दार घट्ट बंद. आंब्याला घालतात तशी बीअरला आढी घातली. तळघरात तरी दुसरं काय होतं, त्यानं हिशेब जुळवला. अंधार आणि बंदपणा. मालकापुढं ज्या थंडाईचं नाव घेतलं, नेमकी तीच त्याच्या हिशेबात आली नाही.

त्याची बायको विजयमाला उंबऱ्यात उभी राहून बघत होती. तिनं जन्मात दारू हुंगली नव्हती, पण आढ्या चाळीस घातल्या होत्या.

“आवं, आढीला ऊब सुटती. हात घातला तर भाजतंय आतून. तुमची ती गार जाग्यावरची ना? मग माठाखाली वाळूत पुरा.”

“तुला काय कळतंय यातलं?” मुंजाजी म्हणाला. “जिनं आयुष्यात चहाबिगर काय पेलं न्हाई, ती मला शिकवायलीय.”

ती चुलीकडं वळली. चौतीस वर्षांच्या संसारात त्याला दुसऱ्यांदा सांगण्यात अर्थ नसतो, एवढं ती शिकली होती. एप्रिल तापला, मे त्याच्याही वर गेला. दुपारी पत्रा कडकड वाजायचा, आणि मुंजाजी समाधानानं बाहेर ओट्यावर पडून राहायचा.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात सिद्धोधन आला. आता तळघर नव्हतं, मुंजाजीचं बारवरून मनही उडालं होतं, आणि ठेचा खाणाऱ्यालाही माफ करायची त्याच्या मनाची तयारी झाली होती. तो स्वतः किशनराव गुरुजींच्या दारात गेला आणि म्हणाला, “उंद्या दुपारी घरी या. जिभेवर मसाला पडू देऊ नका.” सिद्धोधनला गंमत वाटली. पण माणूस सरळ होता. खरोखरच सकाळपासून नुसता दहीभात खाऊन आला.

मुंजाजीनं त्याला खाटेवर बसवलं, बाटल्यांची सगळी हकीगत सांगितली, गाळाची, जिन्याखालच्या कोनाड्याची, पाच वर्षांची. सिद्धोधन पुढं सरकून ऐकायला लागला. “काका, अशी बीअर जपायला परदेशात लोक तळघरं बांधत्यात. खरंच ठिवली तुमी?” मुंजाजीची छाती फुगली. त्यानं बाटली फोडली आणि हळूच ओतली.

वास त्याच्याच नाकात आधी गेला. पावसात भिजून वाळलेल्या पुठ्ठ्याचा वास. त्याला वाटलं, ग्लासाचा असेल. सिद्धोधननं हुंगलं, घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला, आणि ग्लास अलगद खाली ठेवला.

“काका, ही उष्णतेत व्हती का?”

मुंजाजीनं त्याच ग्लासातून घोट घेतला. पुठ्ठाच. त्याच्यामागं सडक्या आंबूसपणाची एक पट्टी, आणि गिळल्यावर काहीच नाही. काकवी नाही, खजूर नाही, ऊबसुद्धा नाही. जिभेनं त्याला कधी फसवलं नव्हतं, आजही फसवलं नाही.

त्यानं दुसरी फोडली. मग तिसरी. सिद्धोधन ‘राहू द्या, काका’ म्हणत असताना त्यानं नऊच्या नऊ फोडल्या, आणि नऊही सारख्याच निघाल्या. सिद्धोधननं मागच्या खोलीत डोकावून काड बघितलं. तो हसला नाही. गारव्यात जे सावकाश होतं, ते या उन्हात दोन महिन्यांत होऊन पार पुढं निघून जातं, एवढंच त्यानं समजावून सांगितलं, आणि विचारलं, “तळघरातली एखादी कुणाला दिलेली, कुठं राहिलेली आसंल का? एक जरी मिळाली तरी मी संभाजीनगरला नेऊन तपासतो. आमच्या सायबालाबी चाखवतो.”

मुंजाजी आठवू लागला. आठवण्यासारखं काही नव्हतं. पंधरा बाटल्या होत्या आणि पंधराच्या पंधरा त्यानं एकट्यानं पायरीवर बसून प्याल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी वर हाच माणूस बसला होता, आणि गेल्या वर्षीही. हातातली बाटली आपण माघारी नेली. कुणालाही लायक समजलो नाही. आता सगळ्या मुलखात त्या चवीला एकच साक्षीदार उरला होता, आणि तो स्वतःच.

मग तो बोलायला लागला. घाईघाईनं, एकातून दुसरं. काकवी कशी होती, चिंचेची कड कशी मागून यायची, चौथ्या वर्षीचं कातडं, पाचव्या वर्षीचं लाकूड. “खरं सांगायलोय मी. देवाशप्पत. आशी बीअर तुमच्या सायबानंबी पेली नसंल.” तो सिद्धोधनच्या तोंडाकडं बघत होता.

सिद्धोधननं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. उठला, चप्पल घातली, आणि अदबीनं म्हणाला, “आसंल, काका.”

हा शब्द मुंजाजीला पुरता ठाऊक होता. तिसऱ्या बाटलीनंतर कुणी सांगायचं, आपली साठ एकर होती. कुणी सांगायचं, मंत्री आपल्याला नावानं ओळखायचे. आणि मुंजाजी टेबल पुसता पुसता, त्यातल्या एका अक्षरावरही विश्वास न ठेवता, दरवेळी हाच शब्द, याच अदबीनं, म्हणत आला होता.