आत्याचा घाटातला जेट

समुद्रसपाटीपासूनची उंची ही गोष्ट अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात माझ्या धाकट्या आत्याइतकी कुणी मनाला लावून घेतली नसेल. ती राहते भाट्याला, लाटांच्या आवाजात. पण कोल्हापूरला निघाली की आंबा घाटाच्या पायथ्याशी तिची मोटरसायकल थांबलीच म्हणून समजा. पदर खोचून ती रस्त्याकडेला बसायची, कार्ब्युरेटर उघडायची आणि त्यातला जेट बदलायची. जेट म्हणजे भोक असलेला पितळेचा इवलासा तुकडा. त्या भोकातून इंजिनाला पेट्रोल मिळतं. "वर हवा पातळ रे मेल्या. पेट्रोल तेवढंच गेलं तर गुदमरेल ती." घाटमाथा फार तर दोन हजार फुटांचा. तेवढ्यासाठी कुठलाही मेकॅनिक पान्याला हात लावत नाही. परतताना पायथ्याशी पुन्हा मोठ्या भोकाचा जेट, आणि मी दोन्ही वेळा उन्हात उभा. हे सगळे जेट ती कुंकवाच्या करंड्यात ठेवायची. "कुंकू लावायची सोय राहिली नाही, निदान करंडा तरी कामाला येतोय," असं म्हणायची, आणि भेटायला आलेल्या बायका चहा अर्धा टाकून उठायच्या.

गाडी तिच्या नवऱ्याची. ते बोटीवर होते. सुट्टीवर आले की दोघं मिळून ती खोलायची. ते गेल्यावर गाडी बाबांच्या, म्हणजे तिच्या थोरल्या भावाच्या, नावावर झाली. बाईमाणसाच्या नावावर मोटरसायकल कशाला, एवढंच कारण. ती हसली होती. "नाव दादाचं असू दे. किल्ली माझ्याकडे आहे."

देवरूखच्या माझ्या मेहुण्याने एकदा आपल्या जुन्या गाडीला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला. तेव्हापासून गाडी फटाके फोडायची आणि चढावर मान टाकायची. तीन गॅरेजं झाली. शेवटी तो भाट्याला आला. आत्या पाठमोरी कोलंबी सोलत बसली होती, न वळताच म्हणाली, "उपाशी आहे ती. श्वास सोडायला एवढी मोठी वाट केलीस, पोटात काय घातलंस?" हात धुऊन तिने मोठा जेट टाकला, त्याला पालीपर्यंत पिटाळलं आणि आल्यावर प्लग काढून बघितला. भाजलेल्या काजूचा रंग. "आता जेवली," म्हणाली. मेहुण्याने देवरूखला जाऊन सांगितलं, एक चांगला गॅरेजवाला भेटला.

गेल्या वर्षी ती पालीच्या वळणावर घसरली, हात मोडला. प्लास्टर घालून आमच्याकडे राहायला आली, आणि त्याच आठवड्यात बाबांनी गाडी विकायचं ठरवलं. गिऱ्हाईक मी शोधलं, कोल्हापूरचं. "आत्ये, गाडी धुऊन ठेवतो," असं सांगून किल्लीही मीच मागून घेतली. तिने लगेच दिली. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण लिहितो.

प्लास्टर निघाल्यावर मीच सांगितलं. वाटलं, माझा सात पिढ्यांसकट उद्धार करील. तिने विचारलं, "कुठे गेली?"

"कोल्हापूरला."

"मग खालचाच जेट असेल तिच्यात. फोन कर त्याला, सांग बदलायला."

मी तिच्यासमोरच केला. "ती होय?" तो म्हणाला, "सुटी करून पार्ट विकले की हो." तेवढं तरी मी तिला खरं सांगितलं. तिने बऱ्या झालेल्या हाताची बोटं उघडमीट केली. मग म्हणाली, "कार्ब्युरेटर कुणी नेला?"

"माहीत नाही."

"विचार."

तेव्हापासून दर भेटीत विचारते, "विचारलंस?" मी म्हणतो, तो फोन उचलत नाही. खरं म्हणजे मी केलेलाच नाही. पत्ता मिळाला तर ती पहिल्या एसटीने निघेल, मला बरोबर घेईल, आणि कुणा परक्याच्या दारात उभी राहून म्हणेल, "वायच गाडी चालू करून दाखवा." तो दाखवेल. आत्या डोळे मिटून ऐकत राहील, आणि तेवढा वेळ मी कुठे बघायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.