आरोंद्याचा एक्सल

आचऱ्याच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढायला माझी जीप लागते. चारही चाकांना जोर मिळाला तरच ती त्या वाळूत हलते. गेल्या वर्षी, पावसाआधी होड्या वर घ्यायच्या ऐन घाईत, पुढच्या उजव्या चाकाचा स्टब तुटला. स्टब म्हणजे ज्यावर चाक फिरतं तो पोलादी दांडा. चाक वाळूत आडवं पडलं आणि अकरा होड्या पाण्याला लागून राहिल्या.

मालवणातला मेकॅनिक म्हणाला, नवा मागवतो, पण आठ-दहा दिवस लागतील. मला कुठला धीर! तासातासाला किनाऱ्यावर जाऊन ढग बघून येत होतो. जेवताना दोनदा उठलो तेव्हा बायको म्हणाली, "बसा जरा. पाऊस काय तुमच्या ताटात पडतलो?"

तिसऱ्या दिवशी कळलं, आरोंद्याला एका घरामागे माझ्या जीपच्या आधीच्या पिढीतली जीप उभी आहे. मेकॅनिकला न विचारताच टेम्पो घेऊन निघालो. घरात एक म्हाताऱ्या काकी एकट्याच होत्या. जीप त्यांच्या यजमानांची; ते गेल्यापासून काजूखाली उभी. मी अडचण सांगितली. त्यांनी बॉनेटवरचा पाचोळा हाताने झाडला.

"घेवन जा, झिला. कोणाच्या तरी कामाक येवंदे."

शांतपणे बघितलं असतं तर चाकाकडचा भाग तेवढा सोडवला असता. मी अख्खा पुढचा एक्सल उतरवला, जीपचं तोंड चिऱ्यांवर टेकवलं आणि निघालो. वळणावर मागे पाहिलं, काकी अजून तिथेच उभ्या होत्या.

मेकॅनिकने टेम्पोत डोकावून कपाळाला हात लावला. "मोजलंस काय रे? ह्येचो गोळो उजव्या बाजूक, तुझ्या गाडीचो डाव्या. गिअरकडसून येणारो दांडो जोडूचो कसो?"

गोळा म्हणजे एक्सलवरचा फुगीर भाग. इंजिनाचा जोर तिथून दोन्ही चाकांकडे वळतो. मधल्या वर्षांत कंपनीने तो एका बाजूचा दुसऱ्या बाजूला नेला होता. स्प्रिंगचे पाटे बसायच्या जागाही दोन बोटं आत. मी तिथेच खाली बसलो. त्याने मात्र एक्सलच्या टोकाचा स्टब सोडवला आणि माझ्या तुटक्या स्टबशेजारी धरला. भोकं जुळली. बेअरिंगही नेमकं बसलं.

"टोकां तीच आसत," तो म्हणाला. "एवढाच काढून हाडूचा होता."

दोन दिवसांत सगळ्या होड्या वर आल्या. लोक खूश होते. मला चैन नव्हतं. चिऱ्यांवर टेकलेली ती जीप डोळ्यांपुढून हलत नव्हती. मागवलेला नवा स्टब आला त्याच सकाळी तो आणि एक्सल टेम्पोत घालून आरोंदा गाठलं.

"मी चुकलंय, काकी. एक तुकडो पुरो होतो. बाकीचो उगाच काढलंय."

दुपारभर मी गाडीखाली आडवा होतो. चारी चाकं जमिनीला लागली तेव्हा काकी बाहेर आल्या, दार उघडून स्टिअरिंगपुढे बसल्या. याआधी तिथे कधी बसल्या होत्या की नाही, कोण जाणे.

"चालू होतली?"

"आज नाय. इंजिनाचो डिझेल पंप जाम आसा."

"नसांदे. उभी तरी आसा."

घरी येताना वेंगुर्ल्यापर्यंतही पोचलो नव्हतो, तोवर त्या गाडीच्या डिझेल पंपाचं काय करता येईल हे माझ्या डोक्यात सुरू झालं होतं.