पुसलेलं मलम

माझ्या मुलीला एक्झिमा आहे. कोपरांच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यांच्या मागे. थंडीत ती झोपेतही खाजवायची आणि सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसायचे. अंबरनाथच्या स्किनच्या डॉक्टरीणबाईंनी स्टेरॉइडचं मलम दिलं. बोटाच्या पहिल्या पेराएवढं दोन तळहातांइतक्या जागेला पुरतं, हे माझ्याच बोटावर काढून दाखवलं. लाली जाईपर्यंत रोज लावा, घाबरून मध्येच सोडू नका, म्हणाल्या.

शिरगावच्या आमच्या घरात सासूबाईंनी ‘स्टेरॉइड’ शब्द ऐकला मात्र, घर डोक्यावर घेतलं. "नको लावू गो ता पोरीला. चामरी पातल होते." मी ऐकलं नाही. पण मी मलम लावून कामावर गेले की त्या ओल्या फडक्यानं ते पुसायच्या आणि खोबरेल चोळायच्या. नातीवर जीव, म्हणून. मुलीनंच हे एक दिवस सांगितलं तेव्हा माझा नुसता संताप झाला. पोर इतके दिवस खाजवत होती आणि मी औषधाला नावं ठेवत होते.

भांडण काढलं नाही. म्हटलं, "आई, तुम्हीच चला. मला सांगता ते डॉक्टरांना सांगा." त्या पदर खोचून निघाल्या.

दवाखान्यात त्यांनी पातळ चामडीचं सगळं ऐकवलं. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. "बरोबर आहे आजी. कडक मलम वर्षानुवर्षं, कुणाला न विचारता लावलं तर होते पातळ. म्हणून तर आम्ही मोजून लावायला सांगतो." मग त्या सासूबाईंच्या गालांकडे बघत राहिल्या. "तुम्ही चेहऱ्याला काय लावता?"

"मी? काय नाय. ही आपली गोरं व्हायची क्रीम."

पर्समधून ट्यूब निघाली. थोरल्या दिरांच्या लग्नापासून त्या ती उल्हासनगरच्या बाजारातून आणत आणि रोज चोळत. त्यांच्या गालांवरची लाली आम्ही सगळे चांगल्या तब्येतीची समजत होतो. बाईंनी ट्यूब उलटून वाचली. "आजी, यातही स्टेरॉइडच आहे. नातीच्या मलमापेक्षा कितीतरी कडक."

सासूबाईंनी ट्यूब परत घेतली नाही. रिक्षात त्या पदरानं गाल झाकून बसल्या. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

त्यानंतर मलम कुणी पुसलं नाही आणि मुलीची कोपरं हळूहळू निवळली. इकडे सासूबाईंची क्रीम सुटली आणि चेहरा भाजल्यासारखा लाल झाला. असं होणार, वेळ लागेल, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं. तरी त्या आरशासमोर बसून गाल खाजवायच्या आणि कुणी आलं की आत जायच्या.

एका संध्याकाळी मुलीनं बाईंनी दिलेलं साधं मॉइश्चरायझर घेतलं आणि त्यांच्या गालांना लावलं. त्यांचा हात वर गेला तसा तिनं तो धरला.

"खाजवायचं नाही आजी. आणि पुसायचं पण नाही."

सासूबाईंनी हात मांडीवर ठेवला. डोळ्यांत पाणी आलं, तेही त्यांनी पुसलं नाही.