इंजिन चालू व्हायचं भेव

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ते रद्दीसारखे आपोआप साचत जातात आणि एखाद्या दिवशी कपाट उघडावं तर अंगावर येतात. आमच्या बाकड्यावर यंदा जेवढे साचले, तेवढे सगळे एकाच गाडीचे आहेत. गाडी दादारावची. ती विकत त्याने घेतली, पण भोगली आम्ही सगळ्यांनी.

दादारावची अमरावतीबाहेर मोर्शी रोडला फुलझाडांची आणि संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. नर्सरीच्या फाटकापाशी सिमेंटचं एक लांब बाकडं आहे आणि सकाळी साडेसहाला आम्ही तिघं तिथे बसतो. एक दादाराव. दुसरा बापूराव, तीस वर्षं एसटी चालवून रिटायर झालेला. तिसरा मी, गाई-म्हशींचा डॉक्टर, मीही रिटायर. चहा दादारावच्या घरून, म्हणजे लीलावहिनींच्या हातचा येतो.

या लीलावहिनींना गाडी लागते. तशी ती पुष्कळांना लागते, पण वहिनींचं प्रकरण निराळं आहे. बापूराव सांगतो, तीस वर्षांत त्याने अशी सवारी पाहिली नाही. बस फलाटावरून हलायच्या आत, नुसत्या डिझेलच्या वासाने वहिनींचा कार्यक्रम उरकलेला असायचा. कारमध्ये तेच. रेल्वेने जावं तर बडनेऱ्यापर्यंत ऑटो करावा लागतो, आणि ऑटोतून उतरेपर्यंत रेल्वेत बसण्याजोगं वहिनींत काही उरत नाही. मी डॉक्टर म्हणून मला दहा वेळा औषध विचारून झालं. पण गाई-म्हशींना उलटी होत नाही, त्यामुळे या विषयातला माझा अनुभव शून्य.

मुलगी मंगला अकोल्याला दिलेली. चार वर्षांत वहिनी तिच्याकडे दोनदा गेल्या आणि दोन्ही वेळा डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून आतल्या खोलीत पडून राहिल्या. जानेवारीत मंगलाला दिवस गेल्याची बातमी आली. सासरच्यांनी डोहाळजेवण मे महिन्यात, अकोल्यालाच ठरवलं. त्या दिवशी वहिनी स्वतः चहा घेऊन बाकड्यावर आल्या आणि दादारावला म्हणाल्या, "यावेळी पोरीची ओटी मले उभं राहून भरायची आहे. झोपून नाई."

चार दिवसांनी दादाराव म्हणाला, गाडी घेतो.

* * *

गाडी पाहायला नागपूरला जावं लागलं. जिच्यासाठी घ्यायची तिला नेता येत नव्हतं, कारण नागपूरलाही गाडीनेच जावं लागतं. म्हणून आम्ही तिघं गेलो.

सेल्समन हुशार होता. त्याने छत उघडून दाखवलं, सीट गार करून दाखवली, मागचं दार पायाने उघडून दाखवलं. दादाराव मख्ख. शेवटी म्हणाला, इंजिन चालू कर. मग गाडीच्या मागे गेला, गुडघ्यांवर बसला आणि सायलेन्सरला नाक लावलं. बैलबाजारात मी पुष्कळ गिऱ्हाइकं पाहिली, पण तीही बैलाचे दात पाहून थांबतात.

त्याने मग बापूरावला हुंगायला लावलं. बापूरावचं नाक डिझेलने केव्हाच बाद केलेलं, तो म्हणाला एकदम स्वच्छ आहे. मग माझी पाळी. चकाचक शोरूममध्ये तीन म्हातारे ओळीने एका गाडीचा पार्श्वभाग हुंगत आहेत, हे दृश्य तिथल्या रिसेप्शनिस्टने मोबाइलमध्ये घेतलेलं मी डोळ्यांनी पाहिलं.

सेल्समनने समजावलं की ही प्लग-इन हायब्रिड आहे. घरी चार्ज करा, ऐंशी किलोमीटर बॅटरीवर चालते, आवाज नाही, वास नाही. बॅटरी संपली की काळजी नको, पेट्रोलचं इंजिन आपोआप चालू होतं. हे 'आपोआप' ऐकून बाकीच्या गिऱ्हाइकांना धीर येत असावा. दादारावचा चेहरा उतरला.

"आपोआप कावून?" त्याने विचारलं. "मले इचारन नाई का?"

मी म्हटलं, मग पूर्ण बॅटरीचीच घे ना. तर म्हणे, ती रस्त्यात बंद पडली तर लीलाला उन्हात कुठे बसवू? म्हणून हीच घेतली. परतीच्या वाटेवर तळेगाव आलं. तो एकदम म्हणाला, "लोकायले भेव असते का गाडी बंद पडन. मले भेव आहे का ते चालू होईन."

* * *

गाडी आली, शेडमध्ये चार्जर बसला, दोन महिने सगळं सुरळीत चाललं. एप्रिल लागला आणि चार्जरवर लाल दिवा. गाडी करंटच घेईना.

वायरमन सलीमभाईला बोलावलं. तो या कामातला जुना माणूस. त्याने चार्जरकडे पाहिलंही नाही. शेडच्या मागे अर्थिंगचा खड्डा होता, मीठ-कोळसा भरलेला, तिथे जाऊन उभा राहिला. भोवतालच्या काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. म्हणाला, "दादाराव, गाडी चांगली आहे, चार्जर चांगला आहे. जमीन प्यासी आहे, म्हणून अर्थिंग लागत नाई. इले पाणी पाजा."

दोन बादल्या ओतल्या, दिवा हिरवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल, पुन्हा दोन बादल्या. दादाराव शेवटी नर्सरीवाला माणूस. त्याने ठिबकची एक नळी ओढून खड्ड्यावर आणली आणि ड्रिपर लावून टाकला. मग त्याच्याने राहवेना. ठिबक आहे, पाणी आहे आणि झाड नाही, हे त्याला बघवत नव्हतं. म्हणून त्याने तिथे केळ लावली. मिठाने ती केळ आठ दिवसांत मेली. गाडी मात्र तरारली.

तोपर्यंत गावात व्हायचं ते झालं होतं. दादारावची गाडी ठिबकवर चालते, अशी बातमी होती. वलगावकडचा एक शेतकरी चौकशीला आला. त्याने गाडी आतून-बाहेरून पाहिली नाही. त्याला एवढंच जाणून घ्यायचं होतं की ड्रिपर दोन लिटरचा लावला की चारचा.

* * *

पुढची काळजी पेट्रोलची. फेब्रुवारीत भरलेली टाकी एप्रिलमध्येही तशीच. शहरातल्या शहरात बॅटरीच संपत नाही, तर पेट्रोल लागणार कधी? गाडीसोबत आलेलं पुस्तक दादारावने पोथीसारखं वाचलं होतं. त्यात लिहिलं होतं की पेट्रोल फार दिवस पडून राहिलं तर इंजिन मधूनच स्वतः चालू होऊन ते जाळतं.

दादारावची झोप उडाली. वहिनींना घेऊन निघालो आणि नेमकं तेव्हाच इंजिनच्या मनात आलं तर? त्याने मला विचारलं. मी म्हटलं, जनावराचं पोट फुगू नये म्हणून आपण त्याला फिरवून आणतो, तसं कर.

झालं. दर मंगळवारी दुपारी दादाराव एकटा गाडी घेऊन निघायचा. गावाबाहेर एक लेआउट आहे, प्लॉट पडलेत पण घर एकही नाही. तिथे तो अर्धा तास इंजिन चालवायचा. मग चारही दारं उघडून गाडीला वारा द्यायचा. अंगाला वास लागला असेल म्हणून डिकीतून दुसरा शर्ट काढून घालायचा आणि घरी यायचा.

म्हणजे बाहेरच्या माणसाला काय दिसलं? दर मंगळवारी हा माणूस ओसाड लेआउटात जातो, अर्धा-पाऊण तास थांबतो आणि शर्ट बदलून घरी येतो. तीन मंगळवारांत ही बातमी वहिनींपर्यंत पोचली.

चौथ्या बुधवारी सकाळी चहा आला नाही, वहिनी आल्या. आमच्यादेखतच त्यांनी विचारलं, "लेआउटात कोण राह्यते?"

दादाराव पार गोंधळला. "कोणी नाई."

"नाव सांगा तिचं."

"इंजिन," दादाराव म्हणाला.

त्यानंतर दोन दिवस बाकड्यावर चहा आला नाही. गुन्हा आमच्यापैकी कोणाचाच नव्हता, पण शिक्षा मला आणि बापूरावलाही झाली.

* * *

डोहाळजेवण पंधरा दिवसांवर आल्यावर तालमी सुरू झाल्या. नर्सरीपासून मंगलाच्या घरापर्यंत साधारण शंभर किलोमीटर. कंपनीचे ऐंशी. पण कंपनीने ते ऐंशी मे महिन्यात वऱ्हाडात मोजलेले नव्हते. एसी लावला तर मूर्तिजापूर ओलांडलं की थोड्याच वेळात इंजिन गुरगुरायचं.

बापूरावने मार्ग काढला. मूर्तिजापुरात त्याच्या ओळखीचं नाश्त्याचं हॉटेल, तिथे अर्थिंग चांगलं. दोन तास गाडी लावायची, मग आरामात अकोला. आम्ही ते करून पाहिलं आणि जमलं. एवढंच की त्या दोन तासांत आम्ही तिघांनी इतके आलुबोंडे खाल्ले की बॅटरीने कमावलेलं आमच्या वजनात गेलं असावं.

वजनावरून दादारावला आठवलं की तालीम वहिनींशिवाय चालली आहे. त्याने पुढच्या सीटवर शेणखताची पोती ठेवून हिशेब जमवायला घेतला. वहिनी मोगऱ्याला पाणी घालत होत्या, त्यांनी ते पाहिलं. जवळ आल्या आणि विचारलं की हे काय चाललंय. वहिनींनी सीटवरची दोन्ही पोती एकदा पाहिली, नवऱ्याला एकदा पाहिलं, आणि म्हणाल्या, "एक काढा."

दादारावने काढलं. त्या दिवशीची तालीम म्हणून आम्ही हिशेबात धरत नाही.

* * *

आणि मग तो दिवस.

पहाटेच निघालो. दादाराव चालवायला, शेजारी वहिनी नव्या रेशमी साडीत. मागे आम्ही दोघं, कारण दादारावचं म्हणणं, एक ड्रायव्हर आणि एक डॉक्टर सोबत पाहिजे. मी कशाचा डॉक्टर आहे हे त्याला माहीत होतं, पण घाबरलेल्या माणसाशी मी वाद घालत नाही.

मूर्तिजापूरपर्यंत वहिनी अगदी मजेत. खिडकीतून शेतं पाहत होत्या. हा रस्ता त्यांनी कधी पाहिलाच नव्हता, आजवर त्यांची मान पिशवीतच. बडनेरा केवढं वाढलं म्हणाल्या. मला फार बरं वाटलं.

मूर्तिजापूरला हॉटेलात लाइट नव्हती. दुरुस्तीचं काम निघालेलं, दुपारी येईल म्हणाले. ओटीची वेळ अकराची.

दादाराव गाडीबाहेर उभा राहून घाम पुसत होता. थांबावं तर ओटी हुकते, निघावं तर इंजिन. बापूराव त्याच्या कानाशी लागला: एसी बंद, चाळीसच्या वर जायचं नाही, पोचून जाऊ. निघालो. मागून ट्रकवाले हॉर्न मारून मारून पुढे जात होते, एका ट्रॅक्टरनेही आम्हाला ओव्हरटेक केलं. आत भट्टी. वहिनींना सांगितलं की एसी बिघडला. त्या म्हणाल्या, असू द्या, आणि मंगला लहानपणी रुसून नर्सरीतल्या कुंड्यांमागे कशी लपायची, ते सांगायला लागल्या.

समोरच्या पडद्यावर बॅटरीचे आकडे उतरत होते. नऊ. सहा. चार. बापूराव मागून वाकून पाहत होता. काटेपूर्णेचा पूल गेला. दोन. बोरगाव मंजूची घरं दिसू लागली आणि सीटखाली बारीकशी थरथर झाली.

इंजिन.

दादारावने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी बापूरावकडे. वहिनींचं वाक्य मधेच थांबलं होतं, पण क्षणभरच. "तर काय सांगत होती मी," असं म्हणून त्यांनी ते पुढे नेलं. दादाराव, जो एरवी दिवसाला दहा वाक्यं बोलतो, तो आवाज झाकायला मोठमोठ्याने संत्र्याच्या डिंक्या रोगावर बोलायला लागला. अकोला येईपर्यंत तो बोलला. वहिनी मान हलवत ऐकत होत्या. खिडकीवरचं हँडल त्यांनी एका हाताने धरून ठेवलं होतं.

दारात मंगला उभी होती. वहिनी उतरल्या, तिच्या गालावरून हात फिरवला, आधी हातपाय धुते म्हणाल्या आणि सरळ आत गेल्या. मलाही हात धुवायचे होते म्हणून मी मागोमाग गेलो. न्हाणीघराचं दार लागलेलं होतं आणि आत नळ पूर्ण सोडलेला. मी परत आलो. नळ बराच वेळ चालू होता.

मग वहिनी आल्या, तोंड धुतलेलं, कुंकू नव्याने लावलेलं. अकरा वाजता त्यांनी लेकीची ओटी भरली, उभं राहून. मंगला रडली, वहिनी रडल्या, आणि आता लिहायला हरकत नाही, बापूरावही रडला.

जेवताना दादारावला गगन ठेंगणं झालं होतं. पंगतीतून तो विहीणबाईंना सांगत होता की लीला घरून निघाली तशीच उभी आहे पाहा. इंजिन चालूच झालं नाही, पूर्ण बॅटरीवर आणलं. "आता दर रविवारी येत जाऊ आमी," तो म्हणाला.

बापूरावने ताटात मान घातली. वहिनी वाढत होत्या, त्या दादारावच्या पानापाशी थांबल्या आणि त्याला आणखी एक पुरणपोळी वाढली.

"येऊ ना," त्या म्हणाल्या. "इंजिनचा आवाजच नाई. बोरगावच्या पुढं तर बिलकुलच नाई."