ड्रॉवरमधली चावी

फिनाइलचा वास आला की पारोळ्याजवळच्या जिनिंग कारखान्यातले नोकरीचे पहिले महिने आठवतात. कापसाच्या नमुन्यांतील ओलावा मोजणे हे माझे काम होते. महिलांच्या स्वच्छतागृहाला कुलूप असे आणि चावी हेडक्लार्कच्या ड्रॉवरमध्ये. ती मागायची म्हणजे सात-आठ पुरुषांसमोर उभे राहायचे. मी त्यावर सोपा उपाय काढला होता: सकाळपासून पाणीच प्यायचे नाही. परिणामी लघवीला जळजळ सुरू झाली, तरी चावी मागण्याचे धाडस होईना. एका दुपारी कापूस निवडणाऱ्या बायकांपैकी एक अक्का कार्यालयात आली. "भाऊ, चावी दे." "अक्का, सकाळीच तर नेली होती!" हेडक्लार्क म्हणाला आणि सगळे हसले. "मंग? तुले इचारीसन मुतू का?" तिने शांतपणे विचारले. हसणे थांबले, ड्रॉवर उघडला. चावी घेऊन ती वळली, माझ्या टेबलापाशी थांबली आणि म्हणाली, "चाल वं पोरी, तू बी चाल." मी सर्वांदेखत उठले. पुढे मी परिषदांत निबंध वाचले, अवघड मुलाखती दिल्या. पण त्या खुर्चीतून उठताना जेवढे बळ लागले, तेवढे नंतर कशालाच लागले नाही.